काणकोणचा गुलाबी ग्रॅनाइट आणि काळा डाइक : ‘अल्कलाइन’ कधी म्हणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काणकोण तालुक्यात पाळोळ्याच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या कातळातून दोन नमुने घेतले. एक गुलाबी, मोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइट, वजन सुमारे ३०० ग्रॅम. दुसरा त्याला छेदून जाणारा काळा, बारीक कणांचा डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या रसाची भिंत. प्रयोगशाळेच्या अहवालात ग्रॅनाइटमध्ये सिलिका ६९.५, ॲल्युमिना १४.४, सोडियम ऑक्साइड ३.९, पोटॅशियम ऑक्साइड ५.१ आणि कॅल्शियम ऑक्साइड १.४ टक्के आले. डाइकमध्ये सिलिका ४७.८, सोडियम ऑक्साइड ३.९, पोटॅशियम ऑक्साइड ०.६ आणि तापवल्यावरची घट ४.२ टक्के. सिलिका आणि अल्कली (सोडियम व पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज) यांच्या आलेखावर डाइक विभाजक रेषेच्या वर ‘अल्कलाइन’ बाजूला पडला, आणि ग्रॅनाइटमध्ये तर अल्कली ९ टक्के. तेव्हा दोन्ही खडक अल्कलाइन म्हणून प्रकल्पात लिहावेत का, त्यांत नेफेलिन (सिलिका कमी असलेल्या अल्कलाइन खडकांतले खनिज) शोधावे का, आणि विरळ मृदा मूलद्रव्यांची (रेअर अर्थ) आशा धरावी का?

तुमचे आकडे जसे आहेत तसे धरले तर माझे उत्तर असे : ग्रॅनाइट अल्कलाइन नाही. डाइक बहुधा नाही, पण तुमच्या नमुन्यावरून ते ठामपणे लिहिता येणार नाही, कारण नमुनाच बिघडलेला दिसतो.

गोंधळाचे मूळ शब्दात आहे. अल्कली पुष्कळ असणे आणि खडक अल्कलाइन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडियम-पोटॅशियम किती आहे एवढ्यावर हे ठरत नाही. त्यांना सामावून घेण्यापुरती सिलिका आणि ॲल्युमिना खडकात आहे का, यावर ठरते. फेल्स्पार तयार होताना सोडियम किंवा पोटॅशियम ऑक्साइडच्या एका रेणूला ॲल्युमिनाचा एक आणि सिलिकाचे सहा रेणू लागतात. सिलिका कमी पडली तर फेल्स्पारऐवजी नेफेलिन, ल्यूसाइट, सोडालाइट अशी कमी सिलिकेवर भागवणारी खनिजे येतात. त्यांना फेल्स्पॅथॉइड म्हणतात. ॲल्युमिना कमी पडली तर उरलेले सोडियम लोहाबरोबर जाऊन एजिरिन, आर्फव्हेडसोनाइट, रिबेकाइट अशी हिरवी-निळी खनिजे बनवते. म्हणजे तूट दोन प्रकारची, आणि दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र. पहिलीला सिलिका-अतृप्त, दुसरीला पेरअल्कलाइन म्हणतात. एखाद्या खडकात एकच तूट असते, एखाद्यात दोन्ही. यांपैकी एकही नसेल तर अल्कली ९ टक्के असो की १० टक्के, मी त्या खडकाला अल्कलाइन म्हणत नाही.

त्यात भर म्हणून ‘अल्कली ग्रॅनाइट’ हा शब्द पुस्तकांतून दोन अर्थांनी येतो. एका अर्थाने ज्या ग्रॅनाइटमधला ९० टक्क्यांहून जास्त फेल्स्पार अल्कली फेल्स्पार असतो आणि प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमचा फेल्स्पार) नावापुरते असते, तो. दुसऱ्या अर्थाने ॲल्युमिनाची तूट असलेला, एजिरिन किंवा रिबेकाइटवाला ग्रॅनाइट. पहिला अर्थ फक्त फेल्स्पारच्या वाटणीबद्दल बोलतो, रासायनिक तुटीबद्दल नाही. प्रकल्पात हा शब्द वापरायचाच असेल तर कोणत्या अर्थाने वापरला ते त्याच वाक्यात लिहा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारील.

आता ग्रॅनाइटचा हिशेब करू. टक्केवारी वजनाची असते, पण खनिजे रेणू मोजून बनतात, म्हणून आधी प्रत्येक आकड्याला त्याच्या रेणुभाराने भागायचे. सोडियम ऑक्साइड ३.९ भागिले ६२ म्हणजे ०.०६३. पोटॅशियम ऑक्साइड ५.१ भागिले ९४.२ म्हणजे ०.०५४. बेरीज ०.११७. ॲल्युमिना १४.४ भागिले १०२ म्हणजे ०.१४१. अल्कली भागिले ॲल्युमिना केले की ०.८३ येते. ही संख्या १ च्या वर गेली तरच ॲल्युमिनाची तूट. इथे ती नाही, उलट ०.०२४ एवढी ॲल्युमिना कॅल्शियमबरोबर ॲनॉर्थाइटमध्ये (कॅल्शियमच्या फेल्स्पारमध्ये) जायला शिल्लक आहे. कॅल्शियम धरून पाहिले तर १.४ भागिले ५६.१ म्हणजे ०.०२५, आणि ॲल्युमिना भागिले तिघांची बेरीज जवळजवळ बरोबर १. म्हणजे अगदी साधा, हिशेब जुळलेला ग्रॅनाइट.

सिलिकेचे पाहा. ६९.५ भागिले ६०.१ म्हणजे १.१५६. अल्कली फेल्स्पारला ०.११७ गुणिले ६, म्हणजे ०.७०२ लागली. ॲनॉर्थाइटला ०.०२४ गुणिले २, म्हणजे ०.०४८. काळ्या खनिजांना ढोबळ ०.०५ धरा. एकूण ०.८० खर्च, ०.३५६ शिल्लक. पुन्हा ६०.१ ने गुणले की २१ टक्क्यांच्या वर मोकळा क्वार्ट्झ निघतो. तुमच्या नमुन्यात फेल्स्पारच्या मधल्या जागांत धुरकट काचेसारखे, फुटल्यावर शंखाकृती भेग पडणारे कण दिसत असतील, ते हेच.

शेजारी एक नमुनेदार नेफेलिन सायनाइट ठेवा : सिलिका ५५, ॲल्युमिना २१, सोडियम ऑक्साइड ८, पोटॅशियम ऑक्साइड ५.५. तोच हिशेब केला तर अल्कली ०.१८७ येते. सगळे फेल्स्पार व्हायला १.१२ सिलिका हवी आणि हातात आहे ०.९१५. तूट उघड आहे. गंमत अशी की याच खडकात ॲल्युमिना ०.२०६ आहे, म्हणजे गुणोत्तर ०.९१. सिलिकेची तूट आहे, ॲल्युमिनाची नाही. दोन तुटी स्वतंत्र असतात असे वर म्हटले ते यासाठी.

यातूनच एक गोष्ट निघते, जी बाहेर कातळावर उभे असताना सर्वांत जास्त कामाची आहे. समतोलात थंड झालेल्या अग्निज खडकात क्वार्ट्झ आणि नेफेलिन शेजारीशेजारी राहत नाहीत. नेफेलिनच्या एका रेणूला सिलिकाचे दोन रेणू मिळाले की त्याचा अल्बाइट, म्हणजे सोडियमचा फेल्स्पार, होतो. वजनात सांगायचे तर १०० ग्रॅम नेफेलिन सुमारे ८५ ग्रॅम सिलिका पिऊन टाकते. तेव्हा ज्या तुकड्यात तुम्हाला खात्रीने क्वार्ट्झ दिसला, त्यात नेफेलिन शोधण्यात वेळ घालवू नका. हाच नियम मॅग्नेशियमने समृद्ध ऑलिव्हिनला लागू आहे. तेही क्वार्ट्झबरोबर नांदत नाही.

एवढे झाल्यावर तुमच्या ५.१ टक्के पोटॅशियम ऑक्साइडकडे वळतो, कारण त्या आकड्यावरही माझा पूर्ण भरवसा नाही. काणकोणचा ग्रॅनाइट मोठ्या गुलाबी फेल्स्पारांसाठी ओळखला जातो, तो पोटॅशियमयुक्त आहेच. पण नमुना ३०० ग्रॅमचा. तीन सेंटिमीटर लांब, दोन रुंद, दीड जाड असा एक स्फटिक धरा. त्याचे वजन सुमारे २३ ग्रॅम भरते. त्यात पोटॅशियम ऑक्साइड १३ टक्के आणि भोवतालच्या बारीक भागात ४ टक्के असेल, तर असा एकच स्फटिक तुकड्यात जास्त आला की ३०० ग्रॅमच्या नमुन्याचा आकडा सुमारे ०.७ टक्क्याने वर जातो. दोन आले तर दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे तुम्ही मोजले ते खडकाचे रसायन नसून हातोडा कुठे बसला त्याचे रसायन असू शकते. एवढ्या मोठ्या स्फटिकांच्या खडकाचा नमुना किमान ५ किलो हवा, जमल्यास १०. सगळा फोडून, मिसळून, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्यायचे, पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग. असे करत शेवटी दळायला १०० ते २०० ग्रॅम उरले पाहिजे. वेचून घेतलेले सुंदर तुकडे दळू नका.

आता डाइक. इथे तुमची शंका रास्त होती, आणि चूक कुठे झाली ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, तापवल्यावरची घट ४.२ टक्के. हे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मूळच्या वितळलेल्या रसातले असेल असे ताज्या बेसाल्टी डाइकमध्ये मी धरत नाही. दोन टक्क्यांच्या वर घट दिसली की खडक बदललेला आहे असे समजून पुढे जातो. आलेखावर टाकण्याआधी ही घट वजा करून बाकीचे आकडे पुन्हा १०० वर आणायचे असतात. ते तुम्ही केलेले दिसत नाही. केल्यावर सिलिका ४९.९ होते आणि अल्कलीची बेरीज ४.५ ची ४.७. त्या सिलिकेला अर्व्हाइन आणि बॅरागर यांची १९७१ ची विभाजक रेषा साधारण ४.६ वर असते. म्हणजे नुसते गणित नीट केले तरी नमुना रेषेच्या वरून उतरून रेषेवरच येऊन बसतो. आणि रेषेवरचा बिंदू काहीच सिद्ध करत नाही.

दुसरी गोष्ट, सोडियम ३.९. ताज्या थोलिआइटी, म्हणजे साध्या, अल्कलाइन नसलेल्या जातीच्या बेसाल्टमध्ये सोडियम ऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असते. वरचे एक टक्का कुठून आले? नमुना लाटांच्या तुषारांत भिजणाऱ्या पट्ट्यातला आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात ते पाणी भेगांतून आत जाते, वाळते, मीठ मागे राहते. मिठाच्या वजनातले ५३ टक्के अहवालात ‘सोडियम ऑक्साइड’ म्हणून मोजले जाते. म्हणजे भेगांत फक्त १ टक्का मीठ साठले तरी सोडियम ऑक्साइड अर्ध्या टक्क्याने फुगते.

हे तपासणे सोपे आहे. खडक वाटाण्याएवढा फोडा, उर्ध्वपातित पाण्यात रात्रभर ठेवा, वरचे थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरी दाट झाक आली तर मीठ आहे. पाणी बदलत राहा, झाक येईनाशी होईपर्यंत. मग १०५ ते ११० अंशांवर वाळवून दळा. ही धुलाई दळण्याच्या आधी करायची. दळलेली पूड धुतली तर बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात आणि नवाच बिघाड होतो. नळाचे पाणी वापरू नका, त्यात क्लोराइड असतेच.

धुऊनही सोडियम खाली आले नाही तर कारण खडकाच्या आत आहे : प्लॅजिओक्लेजचा अल्बाइट झालेला असेल, किंवा बारीक पोकळ्यांत ॲनाल्साइम आणि इतर झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी खनिजे) भरलेले असतील. ॲनाल्साइमकडे विशेष लक्ष द्या. ते सोडियमचेच, सिलिका कमी असलेले, रंगहीन खनिज आहे आणि पुस्तकात फेल्स्पॅथॉइडांच्या शेजारी त्याचे नाव येते, त्यामुळे ‘फेल्स्पॅथॉइड सापडले’ असे वाटून जाते. पण पोकळीत, भेगेत, नंतरच्या कोमट पाण्यातून बसलेले ॲनाल्साइम मूळ रसाबद्दल काही सांगत नाही. दख्खनच्या साध्या थोलिआइटांतही झिओलाइटांनी भरलेल्या पोकळ्या भरपूर असतात.

मग बदललेल्या खडकाचे मूळ कसे ओळखायचे? जे मूलद्रव्य पाण्याबरोबर सहसा हलत नाही त्याला विचारायचे. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम हलतात. टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, इट्रियम बऱ्याच अंशी जागेवर राहतात. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात डाइकचे निओबियम ११ आणि इट्रियम ३४ भाग प्रतिदशलक्ष आहे. गुणोत्तर ०.३२. विंचेस्टर आणि फ्लॉइड यांनी १९७७ मध्ये याच मूलद्रव्यांवरून जे वर्गीकरण केले त्यात बेसाल्टसाठी साधारण ०.७ च्या वर अल्कलाइन, खाली सबअल्कलाइन, म्हणजे अल्कलाइन नसलेला. तुमचा आकडा निम्म्याहूनही खाली आहे. मी तुमच्या जागी असतो तर सोडियमचा आलेख बाजूला ठेवून या एका गुणोत्तरावर जास्त भरवसा ठेवला असता.

हे गुणोत्तर का चालते ते सांगतो, कारण त्यातच अल्कलाइन खडक बनतात कसे याचे उत्तर आहे. प्रावरणाचा (भूकवचाखालच्या थराचा) खडक वितळू लागतो तेव्हा सोडियम, पोटॅशियम, निओबियम, हलकी विरळ मृदा मूलद्रव्ये ही घन स्फटिकांत राहायला नाखूश असतात, पहिल्याच थेंबांत निघून येतात. खडक फक्त दोन-चार टक्के वितळला तर ते सगळे त्या थोड्याशा रसात दाटून राहते आणि रस अल्कलाइन होतो. दहा-वीस टक्के वितळला तर तेच द्रव्य पुष्कळ रसात पसरून पातळ होते आणि थोलिआइट मिळतो. जाड शिलावरणाखाली, खोलवर, दाब जास्त आणि कार्बन डायऑक्साइड जवळ असताना थोडे वितळणे घडते, आणि तिथे गार्नेट टिकून असते. ते इट्रियमला स्वतःकडे धरून ठेवते. म्हणून अल्कलाइन रसात निओबियम वर, इट्रियम मागे, गुणोत्तर मोठे. थोलिआइटमध्ये दोन्ही मोकळे, गुणोत्तर लहान.

गोव्याच्या चित्रात हे नीट बसते. इथल्या किनाऱ्यावरचे डोलेराइटचे, म्हणजे बेसाल्टच्याच रसायनाचे, डाइक दख्खनच्या ज्वालामुखीशी नात्यातले मानले जातात आणि त्यांचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय सुमारे ६.३ कोटी वर्षे आहे, म्हणजे मुख्य दख्खन उद्रेकाच्या थोडे नंतरचे. जात थोलिआइटी. ते ज्या ग्रॅनाइट-नाइसांना छेदतात ते त्यांच्याहून कितीतरी पटींनी जुने आहेत, आणि सत्तरी-धारबांदोड्याकडचा घाटमाथा दख्खनच्या थरांचा आहे. तुमचा डाइक या कुटुंबातला असणे हीच सर्वांत साधी शक्यता आहे. प्रकल्पात ‘अल्कलाइन’ लिहायचे तर या साध्या शक्यतेला बाजूला सारण्याइतका पुरावा हवा.

नॉर्म काढणार असाल तर एक सापळा सांगून ठेवतो. नॉर्म म्हणजे रासायनिक आकड्यांवरून कागदावर काढलेली खनिजे. प्रयोगशाळा सगळे लोह फेरिक ऑक्साइड म्हणून देते. ते तसेच घातले तर लोह मॅग्नेटाइट-हेमॅटाइटमध्ये जाते, सिलिकेट खनिजांना लोह उरत नाही, सिलिका मोकळी पडते आणि कागदावर खोटा क्वार्ट्झ उगवतो. सगळे फेरस धरले तर उलटे होते, ऑलिव्हिन वाढते आणि सिलिका इतकी खर्च होते की खोटे नेफेलिन निघते. बेसाल्टसाठी मी फेरिक भागिले फेरस हे ०.१५ ते ०.२ च्या दरम्यान धरतो आणि काय धरले ते तक्त्याखाली लिहितो. नॉर्ममधल्या दोन-तीन टक्के नेफेलिनवर ताज्या खडकातही फारसे विसंबू नये. तुमच्यासारख्या ४.२ टक्के घट असलेल्या नमुन्यात तर त्याला काही अर्थच नाही.

सोडियमबद्दल प्रयोगशाळेलाही दोन प्रश्न विचारा. क्ष-किरण पद्धतीत सोडियम हे हलके मूलद्रव्य असल्याने दाबून केलेल्या गोळीवर त्याचा आकडा डळमळतो. वितळवून केलेल्या काचेच्या चकतीवर बरा येतो. त्यांनी कोणती वापरली? आणि तुमच्या नमुन्याबरोबर प्रमाणित बेसाल्टही मोजला का, त्याचा आकडा किती आला? शिवाय निओबियमवर निष्कर्ष बांधणार असाल तर टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलेली पूड नको. त्यातून टंगस्टन-कोबाल्ट तर नक्की येतात, टँटलम-निओबियमही थोडे येऊ शकतात. अगेटच्या भांड्यात दळायला सांगा.

हे सगळे झाले कागदाचे. पण एखाद्या दिवशी खरोखर संशयास्पद खडक हाती आला, पांढरट-करडा, क्वार्ट्झ न दिसणारा, तर नेफेलिन कसे ओळखावे?

आधी पृष्ठभाग पाहा. झिजलेल्या कातळावर क्वार्ट्झचे कण वर उठून राहतात. नेफेलिन फेल्स्पारच्याही आधी झिजते, म्हणून त्याच्या जागी खळगे पडतात आणि फेल्स्पार वर राहतो. ताज्या फुटीवर नेफेलिनची चकाकी तेलकट असते, बोट फिरवलेल्या काचेसारखी. काठिण्य ५.५ ते ६, तर क्वार्ट्झचे ७. चांगल्या पोलादी कानशीने नेफेलिनवर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. फेल्स्पारचे काठिण्य ६ असल्याने या चाचणीने नेफेलिन आणि फेल्स्पार वेगळे होत नाहीत. तिथे फेल्स्पारच्या सपाट, चमकणाऱ्या फुटी पाहाव्या लागतात.

काळी खनिजेही बोलतात. साध्या ग्रॅनाइटमध्ये बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड लवकर बनून सुटे दिसतात. पेरअल्कलाइन खडकात एजिरिन आणि आर्फव्हेडसोनाइट बहुधा शेवटी बनतात, म्हणून फेल्स्पारच्या मधल्या उरलेल्या जागा भरताना दिसतात, सुयांसारखे किंवा वेडेवाकडे. नखाने पापुद्रा सुटला तर ते अभ्रक, त्यावर अल्कलाइनचा निष्कर्ष बांधू नका. आणि अहवालात झिर्कोनियम पाहा. पेरअल्कलाइन रसात झिर्कॉन सहज विरघळून राहतो, त्यामुळे झिर्कोनियम हजारांत जाऊ शकते आणि शेवटी युडियालाइटसारखी गुलाबी-तांबडी खनिजे बनतात. ग्रीनलंडच्या इलिमाउस्साक आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पातल्या लोव्होझेरो इथे ती प्रसिद्ध आहेत.

खात्रीसाठी रंगाची चाचणी करता येते. नमुन्याचा करवतीने कापलेला तुकडा ४०० ते ६०० नंबरच्या पुडीवर घासून सपाट करा, धुऊन वाळवा. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा पातळ थर काचेच्या कांडीने पसरून तीन मिनिटे ठेवा. नेफेलिनवर सिलिकेचा नाजूक जेल तयार होतो. म्हणून नळाखाली धरू नका, पाण्याच्या भांड्यात हलकेच दोनदा बुडवा. मग ०.२५ टक्के मेथिलीन ब्लूच्या द्रावणात एक मिनिट, पुन्हा बुडवून काढा. नेफेलिन निळे होते, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार रंग घेत नाहीत. शेजारी तुमच्या काणकोणच्या ग्रॅनाइटचाही तुकडा तसाच रंगवा. तोही निळा झाला तर चाचणी चुकली, आम्ल जास्त वेळ राहिले किंवा पृष्ठभाग खरखरीत होता. सोडालाइट, ॲनाल्साइम आणि इतर झिओलाइटही निळे होतात, त्यामुळे डाइकवर ही चाचणी करून नेफेलिन जाहीर करू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. पोटॅशियम फेल्स्पार पिवळा करण्याची जी दुसरी पद्धत आहे तिच्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते. ते धूर ओढून घेणारे कपाट (फ्यूम हुड), कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि जाणकार माणूस जवळ असल्याशिवाय उघडायचेसुद्धा नाही.

अखेरचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. ३० मायक्रॉनच्या छेदात नेफेलिनचा व्यतिकरण रंग गडद राखाडी, कारण द्विअपवर्तन फक्त ०.००३ ते ०.००५. क्वार्ट्झचे ०.००९, म्हणून तो फिकट राखाडी-पांढरा. नेफेलिन एकाक्ष ऋण, क्वार्ट्झ एकाक्ष धन, अल्कली फेल्स्पार द्विअक्ष. ही अक्षाची आकृती काढायला पाच मिनिटे लागतात आणि वाद मिटतो. एजिरिन गवती हिरवा, फिरवताना पिवळट होतो. जुन्या खडकांत नेफेलिन बऱ्याचदा गढूळ होऊन कॅनक्रिनाइट, अभ्रकाचा भुगा किंवा झिओलाइट झालेले असते. तेव्हा स्वच्छ कणांची वाट न पाहता चौकोनी-षट्कोनी बाह्यरेषा शोधा.

विरळ मृदा मूलद्रव्यांबद्दल थोडक्यात. ती ज्या अल्कलाइन पट्ट्यांत साठतात त्यांत बहुधा कार्बोनेटाइट असतो, म्हणजे निम्म्याहून जास्त कार्बोनेट खनिजांचा अग्निज खडक, आणि त्याच्याभोवती सोडियम-पोटॅशियमने भाजून निघालेला फेनाइट. नॉर्वेतल्या फेन या जागेवरून १९२१ मध्ये ब्रॉगर यांनी ही नावे दिली. आपल्याकडचे उत्तम उदाहरण गुजरातमधले आंबा डोंगर, १९६३ मध्ये सुखेस्वाला आणि उदास यांनी जगापुढे आणलेले, फ्लुओराइटसाठीही प्रसिद्ध. तो दख्खनच्याच काळातला, सुमारे ६.५ कोटी वर्षांचा. राजस्थानातले मुंडवारा आणि सरनू-दंडाली त्याहून थोडे आधीचे. कच्छ आणि गिरनारही याच यादीत येतात. म्हणजे दख्खनमध्ये अल्कलाइन खडक आहेत, पण ते मुख्यतः कडेच्या भेगाळ पट्ट्यांत, नर्मदा-खंबात-कच्छकडे. दख्खनशी नाते नसलेले, पण नेफेलिन डोळ्यांनी पाहायला उत्तम ते राजस्थानातले किशनगड आणि तमिळनाडूतले शिवमलै.

तुम्हाला आपल्याच किनाऱ्यावर खरा अल्कलाइन डाइक पाहायचा असेल तर रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याकडे जा. कोकण रेल्वेने रोह्याला उतरून पुढे रस्त्याने. तिथे लॅम्प्रोफायरचे डाइक आहेत. खूण अशी : मोठे स्फटिक अभ्रक, अँफिबोल, पायरॉक्सिनचे. फेल्स्पार मोठ्या स्फटिकांत नसतो, असला तर बारीक भागातच. तुमच्या काणकोणच्या डाइकचा ओला, कापलेला पृष्ठभाग शेजारी ठेवला की फरक कोणत्याही आलेखाविना दिसेल.

आता पुढची पावले. डाइकचा नमुना पुन्हा घ्या, पण भरतीच्या रेषेपासून दूर, डाइक आत जमिनीकडे जातो तिथे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभा होण्याच्या वाटेवर अल्कली सर्वांत आधी धुऊन जाते, तेव्हा किनारा टाळून कुजलेला तुकडा घेतला तर उलट चूक होईल : खरा अल्कलाइन खडकही साधा भासेल. खडीच्या खाणीतला किंवा करमळ घाटासारख्या रस्त्याच्या कापणीतला, घणाखाली टणत्कार करणारा निळसर काळा गाभा हवा. फोडून तपकिरी साल पूर्ण काढून टाका. डाइकच्या कडेचा काचेसारखा भाग आणि मधला भाग वेगवेगळे बांधा, प्रत्येकी २ किलो. घाटात वळणावर गाडी थांबवू नका, आणि खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय हातोडा काढू नका.

ग्रॅनाइटसाठी नवे रसायन करण्याआधी एक मोठा छेद करून घ्या आणि बिंदू मोजणीने क्वार्ट्झ, अल्कली फेल्स्पार, प्लॅजिओक्लेज यांचे प्रमाण काढा, निदान १,००० बिंदू. मोठ्या स्फटिकांसाठी छेद पुरत नाही, म्हणून कापलेल्या फरशीवर किंवा कातळावरच चौकट आखून त्यांचे क्षेत्र वेगळे मोजा. त्यातून खडकाचे नाव जे येईल ते लिहा. आजच्या आकड्यांवर मी ‘मोठ्या पोटॅशियम फेल्स्पारचा ग्रॅनाइट, पेरअल्कलाइन नाही’ असे लिहीन. डाइकपुढे ‘थोलिआइटी डोलेराइट, सोडियमचा आकडा मिठाने किंवा बदलाने बाधित असण्याची शक्यता’ असे लिहून नव्या नमुन्याची वाट पाहीन.